बांगडी फुटत नाही, वाढते

माजघर

गेल्या श्रावणात आई गेली. ‘वारली’ हा शब्द अजून माझ्या हातून लिहिला जात नाही, आणि हा धागा त्याबद्दलच आहे.

आईच्या पोटात गाठ निघाली तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवलं, आजाराचं नाव तिच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांचंही म्हणणं तेच पडलं, “पेशंटला आत्ता काही बोलू नका, धीर सोडतील.” मग आठ महिने घरात ‘गाठ’ एवढाच शब्द. केमोला आम्ही ‘सलाईन’ म्हणायचो. केस हातात यायला लागले तेव्हा ‘औषध उष्ण पडलं’. मुंबईला न्यायचं ठरलं तेव्हा ‘टाटाला’ म्हणायचं नाही, कारण आमच्या भागात ‘टाटाला नेलं’ म्हटलं की आजाराचं नाव वेगळं सांगावं लागत नाही. ‘परळला मोठ्या डॉक्टरांना दाखवू’ असं म्हणायचं. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण रोजचा हिशेब वहीत लिहिणारी आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारी.

एका दुपारी ती पलंगावर बसून परकरात नाडी ओवत होती. पिन सरकवत सरकवत टोक बाहेर काढलं, टोकाला गाठ मारायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “माझी गाठ कसली म्हणायची गं? सुरगाठ का निरगाठ?”

“सुटेल की आई,” मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. गाठ दातात धरून आवळली आणि परकराची घडी करून बाजूला ठेवली.

तेव्हापासून माझं लक्ष शब्दांकडे लागलंय. आमच्या घरी डब्यातले तांदूळ कधी संपले नाहीत, ‘वाढले’. दिवा विझवला नाही, ‘शांत केला’. नारळ फोडला नाही, ‘वाढवला’. बाबा रात्री दुकान बंद करत नसत, ‘वाढवून’ येत. बाहेर पडताना तोंडून ‘जाते’ निघालं की आई चुलीपासूनच म्हणायची, “येते म्हण.” हातातली बांगडी पिचली तर ती ‘वाढली’. जिथे काही संपतं, तुटतं, विझतं, तिथे आपल्या आया-आज्यांनी ‘वाढणं’ आणून ठेवलंय. मला त्यात कधी खोटेपणा वाटला नाही, अजूनही वाटत नाही. पण ‘गाठ’ मनातून जात नाही. तो शब्द आम्ही आईसाठी वापरला की आमच्यासाठी, हे मला ठरवता येत नाही.

तुमच्याकडचे असे शब्द सांगा. आणि ते कुणाच्या कामी आले, तेही.

शेतबांध

ताई, आमच्या माण तालुक्यात रात्रीचं सापाचं नाव घेत नाहीत. ‘जनावर’, नाहीतर ‘लांबडं’. साप चावला असंही म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. जुन्या लोकांचं म्हणणं, नाव घेतलं की ते येतं.

रात्रीची लाईट होती म्हणून माझा चुलतभाऊ शेताला पाणी द्यायला, दारं धरायला गेला आणि त्याला पान लागलं. आरोग्य केंद्रात नेलं तर तिथे शहरातून नवीन आलेले डॉक्टर. काकू एकसारखी “पान लागलंय, पान लागलंय” म्हणत होती. त्यांना वाटलं पानतंबाखूचं काहीतरी आहे, ते बॅटरी घेऊन त्याचं तोंड तपासायला लागले. मी गाडी लावून आत येईपर्यंत पाच-सात मिनिटं गेली होती. मी ओरडलो, “साप! साप चावलाय!” तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली. भाऊ वाचला. काकू मात्र त्या घाईतही माझ्यावर चिडली, रात्रीच्या वेळी नाव घेतलंस म्हणून.

तिची भीती खरी होती, ती मला नाकारायची नाही. पण पोरांना आता सांगून ठेवलंय की घरात काय म्हणायचं ते म्हणा, दवाखान्याच्या दारात सापच म्हणायचं.

तारघर

मी तार खात्यात नोकरी केली. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे माणसं मोजून लिहायची. तरी एक शब्द मी किती वेळा पाठवला त्याला हिशेब नाही. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ पाठवणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत आणि मधे बसलेल्या मलाही माहीत की तिकडे मयत घरात आहे.

एकदा विशीतला एक मुलगा फॉर्म भरून खिडकीशी आला. त्यानं ‘एक्स्पायर्ड’ लिहिलं होतं. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि परत ओढून घेतला. म्हणाला, “काका, दादाला रात्रभर एसटीनं यायचंय, एकट्याला. हे वाचून तो कसा येईल?” मी काही सुचवलं नाही. त्यानं स्वतःच तो शब्द खोडला, वर ‘सीरियस’ लिहिलं आणि अक्षर नीट लागतंय का ते मला दोनदा विचारलं.

तारेसारखीच पोस्टकार्डाचीही रीत होती. अशुभाच्या कार्डावर वर ‘श्री’ नसायचा, कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं लांबून दाखवलं तरी बाई दारातच बसकण मारायची. कार्ड वाचून तिथेच फाडायचे, घरात ठेवायचे नाहीत. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. शेवटच्या दिवशी लोक आठवण म्हणून एकमेकांना शुभेच्छांच्या तारा करत होते. मला तो मुलगा आठवत होता.

शारजाकर

तारघर काका, त्या मुलाची माया कळते. मी त्याच्या दादाच्या जागी होतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

मला फोन आला, “बाबांची तब्येत जरा नरम आहे, येऊन जा.” मी विचारलं, “खरं सांग, काय झालंय?” तर म्हणाले, “अरे काही नाही, तुझी आठवण काढतायत.” मी विश्वास ठेवला. विमानतळावर बाबांसाठी खजूर घेतला, रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. विमानात बसून विचार करत होतो की या वेळी त्यांच्याशी जमिनीच्या वाटणीवरून वाद घालायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा आमच्या दारात चपलांचा ढीग दिसला.

मला चार तास मिळाले असते. विमानात तोंडावर शाल ओढून रडता आलं असतं. त्याऐवजी पन्नास माणसांसमोर, हातात खजुराची पिशवी घेऊन, मी दारात उभा होतो आणि सगळे माझ्याकडे बघत होते. ज्यांनी फोन केला त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नसेल. पण ते माझ्यासाठी केलं असं त्यांनी म्हणू नये, एवढंच वाटतं.

माजघर

शारजाकर, तुमची पोस्ट वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

मोडीवाचक

पानिपताची बातमी पुण्याकडे कशी आली ते सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले होते, वाटेत सावकारी पत्र त्यांच्या हाती पडलं. त्यातला मजकूर असा सांगतात की दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. पुस्तकागणिक शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय हाच. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. विश्वासराव तर नानासाहेबांचा थोरला मुलगा. नानासाहेब त्यानंतर फार जगले नाहीत, त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले.

सावकारांना हुंडीच्या भाषेत लिहायची सवय होती आणि पत्र वाटेत कुणाच्या हाती पडेल याची धास्तीही. त्यामुळे तो मऊ शब्द होता की सांकेतिक, यावर वाद होऊ शकतो. मला दोन्ही वाटतं. बापाला मुलाच्या मरणाची बातमी मोत्याच्या शब्दात लिहिणाऱ्याच्या मनात काहीतरी हललं असणारच.

निळी पहाट

मोडीवाचक, ते वाक्य मीही शाळेत पाठ केलंय. सरदार मोहरा झाले, राजपुत्र मोती झाले. खुर्दा कोण? भाला धरणारा, घोड्यामागे पळणारा, बाजारबुणग्यात पाण्याच्या पखाली वाहणारा. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत होतं. त्यांना कुणी कसं कळवलं, ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. मऊ शब्दानंसुद्धा माणसं भाव लावून मोजली, हे त्या पत्रात मला दर वेळी बोचतं.

कृष्णाकाठ

माजघर, तुम्ही बांगडी वाढण्याचं लिहिलंत. शिरोळ तालुक्यातली आहे मी, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

भांडी घासताना सवाष्णीची बांगडी पिचली तर ‘वाढली’ म्हणायचं. मंगळसूत्राचा धागा तुटला तर ‘मंगळसूत्र वाढलं’. कपाळावरचं कुंकू पडलं तरी ‘पुसलं’ म्हणायचं नाही. का? ‘फुटली’, ‘तुटलं’, ‘पुसलं’ या शब्दांत वैधव्य आहे म्हणून. आता दुसरी बाजू बघा. माझे काका गेले तेव्हा काकूला अंगणात आणून बसवलं. वयानं मोठ्या एका बाईनं तिचे दोन्ही हात धरले आणि मनगटं एकमेकींवर आपटली. त्या दिवशी कुणी म्हटलं नाही, ‘बांगड्या वाढवल्या’. सगळे म्हणाले, ‘फोडल्या’. हिरव्या काचा तुळशीकट्ट्याजवळ पडल्या होत्या आणि काकूच्या उजव्या मनगटातून रक्त येत होतं. मी नऊ वर्षांची होते. दुसऱ्या दिवशी झाडताना माझ्या पायात काच रुतली.

म्हणजे मऊ शब्द सगळा त्या बाईसाठी, जिच्यावर वेळ आलेलीच नाही. जिच्यावर आली, तिच्या वाट्याला शब्दही फुटका आणि बांगडीही.

आमच्या तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव केला, की बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं ही प्रथा गावात बंद. पुढे दोन आठवड्यांत सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. ठरावात शब्द कसे होते ते मी मुद्दाम बघितलं. कुठे ‘वाढवणे’ नाही. जे करतात त्याचंच नाव लिहिलंय. म्हणून ते बंद करता आलं, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्यानंतर वर्षभरातच, एप्रिल २०२३ मध्ये, विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव सरकारदरबारी आला. विरोध झाला, बरं झालं. लग्नपत्रिकांमध्ये ‘गं. भा.’ छापून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बघितलंय. काकूचं नाव पत्रिकेत ‘गं. भा.’ म्हणून छापलं होतं आणि हळदीच्या वेळी तिला आतल्या खोलीत भाजी निवडायला बसवलं होतं.

ओसरी

मी सत्तरी ओलांडलेली बाई आहे. कृष्णाकाठ, तू लिहिलंस ते खोटं नाही बाळ. माझ्या आत्याला मी विधवेच्या लाल आलवणात बघितलंय.

तरी मला एक सांगायचंय. ‘शुभ बोल नाऱ्या तर म्हणे मांडवाला आग लागली’ ही म्हण आमच्या तोंडात लहानपणापासून. तेव्हा घरोघरी मुलं जायची. माझ्या आईची दोन गेली. देवी आल्या तर ‘बाई आल्यात’ म्हणायचे, आजाराला नाव ठेवायचे नाहीत, आलेल्या पाहुणीसारखं नीट बोलायचे. १९८० साली जगातून देवी गेल्या असं जाहीर झालं तेव्हा आई हयात होती. तिला वाचून दाखवलं, तर तिनं हात जोडले. हातात औषध नव्हतं, पैसा नव्हता, रस्ता नव्हता. शब्द तेवढा हातात होता, तो आम्ही सांभाळून वापरला. तांदूळ वाढले म्हणणाऱ्या बाईच्या डब्यात खरंच तांदूळ नसायचे, आणि ते शेजारणीला कळू न देता तिला वाटीभर मागायचे असायचे. “आमच्याकडे तांदूळ वाढलेत हो” म्हटलं की शेजारीण समजायची आणि काही न विचारता घालायची. ते शब्द मला तोडवत नाहीत.

कृष्णाकाठ

आजी, ते शब्द तोडावेत असं मी म्हणणार नाही. वाटीभर तांदळाचं वाचून घसा दाटला. माझं म्हणणं एवढंच आहे की ते काकूपर्यंतही पोचायला हवे होते.

गोदाकाठ

बीड जिल्ह्यात गावची आरोग्यसेविका, आशा म्हणून काम करते. माझा शब्द आहे ‘पिशवी’.

आमच्याकडं गर्भाशय कुणी म्हणत नाही. बाईही नाही, डॉक्टरही नाही. ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली’, ‘पिशवी काढून टाका’. ऐकायला किती साधं वाटतं बघा. पिशवी फाटली की टाकून देतोच आपण. ऊसतोडीला जाणाऱ्या बाया तिशी-पस्तिशीत पिशवी काढून आलेल्या मी माझ्या गावात मोजल्यात. अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेली, “मुलं झालीत ना, आता पिशवी काय कामाची” असं ऐकलं, आणि उचलीतून पैसे भरून काढून आली. पुढं कंबर दुखते, अंगात आग होते, हाडं कुरकुरतात, तर म्हणते, “पिशवी काढल्यापासून असंच होतंय, पण पिशवीचा आन् हाडाचा काय संबंध?” संबंध कुणी सांगितलाच नाही. अंडाशय हा शब्द तर तिनं जन्मात ऐकलेला नाही, आणि कितीक जणींचं तेही त्याच वेळी काढलेलं असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादमाकडून हंगामाआधी जी रक्कम घेतात ती उचल. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोन माणसं मिळून एक कोयता, त्यात बाईची वेगळी मोजणीच नाही. एक दिवस फडात गेली नाही तर ‘खाडा’, त्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोटात कितीही दुखलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. तिथं ना संडास, ना पाणी. मग पिशवीच नको, असं तिला स्वतःलाच वाटायला लागतं.

२०१९ मध्ये हा विषय पेपरात आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्या पाहणीच्या वेळी आम्ही दारोदार विचारत होतो. कागदावर लिहिलं होतं, ‘गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे काय?’ बाया म्हणायच्या, “नाही बाई, तसलं काही नाही.” मग मी विचारायची, “पिशवी काढली का?” तर लगेच, “हां, ती काढली की, दोन वर्षं झाली.” मी कितीतरी घरं परत फिरले, पहिल्यांदा ‘नाही’ लिहिलेली.

आता मी बैठकीत चित्र घेऊन जाते. आधी पिशवी म्हणते, मग बोट ठेवून सांगते, हिला गर्भाशय म्हणतात, ही दोन अंडाशयं. सगळ्याजणींकडून तीनदा म्हणवून घेते. पहिल्यांदा पदर तोंडाला लावून हसतात. तिसऱ्यांदा नीट म्हणतात.

सातबारा

महसूल खात्यात आयुष्य गेलं, शेवटची काही वर्षं मराठवाड्यात. गोदाकाठ ताईंनी कागदावरचा शब्द आणि तोंडातला शब्द यांचं लिहिलं, त्याच्या नेमकं उलटं आमच्याकडे होतं. लोक कडक शब्द बोलायचे, कागद मऊ बोलायचा.

लोक म्हणतात ‘दुष्काळ’. आम्ही लिहायचो ‘टंचाई’. जिल्हाधिकारी कार्यालयात टंचाई शाखा, दर उन्हाळ्याचा टंचाई आराखडा, टंचाईच्या बैठका. याची मुळं खोल आहेत. १९६३ साली आपल्या राज्यानं खास कायदा करून लागू कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा इंग्रजी शब्दच काढला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ घातला. राज्यात तशी परिस्थिती उद्भवायला आता वावच उरलेला नाही, अशा अर्थाचं त्याच्या प्रस्तावनेत म्हटलंय. त्यानंतर नऊ वर्षांनी ७२ साल आलं. माझे वडील तेव्हा नालाबांधावर खडी फोडायला होते, आम्ही सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. माझ्या आईच्या तोंडी ‘बहात्तरची टंचाई’ कधी आली नाही. कुणाच्याच आली नाही. सगळा महाराष्ट्र ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणतो.

पुढे ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ हे शब्द आले. ‘सदृश’ म्हणजे काय, हे मला गावात उभं राहून समजावून सांगावं लागायचं. शब्दाला किंमत असते हो. दुष्काळ जाहीर झाला की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला स्थगिती, असं बरंच काही त्या एका शब्दाच्या मागून यायला हवं असतं. पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं त्याचा सरकारी अंदाज, ५० पैशांच्या खाली गेली का वर राहिली, यावर गावं तळमळत बसायची. म्हातारी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. एकदा पंचनाम्याला गेलो असताना एका शेतकऱ्यानं मला वाळलेल्या कापसाच्या रांगेत नेलं, एक झाड उपटून माझ्या हातात दिलं. बोंड सुपारीएवढं होतं, आत काळं. म्हणाला, “साहेब, हे कशासदृश आहे ते लिहा.” तो चिडून बोलत नव्हता, खरंच विचारत होता. मी त्या दिवशी अहवालात नेहमीचाच शब्द लिहिला. माझ्या हातात दुसरा नव्हता, पण ते झाड मी बरेच दिवस टेबलावर ठेवलं होतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायची वेळ आली. विषय उच्च न्यायालयात होता. मे महिन्यात सरकारनं मान्य केलं, की ‘दुष्काळसदृश’ लिहिलंय तिथे ‘दुष्काळ’ असं वाचावं. २९ हजारांहून जास्त गावं होती. पाण्याची गाडी आधी पोचली, शब्द महिनाभरानं.

करी रोड

सातबारा साहेबांना जोडून. मुंबईच्या गिरणगावात व्याकरणानं केलेलं काम सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं सगळे एका वाक्यात सांगतात, ‘गिरण्या बंद पडल्या’. पडल्या. जसं काही भिंत पडते, पाऊस पडतो. बंद कुणी केल्या, जमिनी कुणी विकल्या, ते त्या क्रियापदात मावतच नाही. ‘नारळ दिला’ हा शब्द तरी बरा, त्यात देणारा दिसतो. वडिलांना मिळालं त्याचं नाव ‘स्वेच्छानिवृत्ती’. खात्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी बोलावून एकाच रंगाच्या फॉर्मवर सह्या घेतल्या होत्या. वडिलांनी सही केली आणि घरी येऊन आईला म्हणाले, “मी म्हणे स्वखुशीनं सोडतोय.” नंतर ते कितीतरी दिवस सकाळी साडेसहाला उठून डबा मागायचे. आई भरून द्यायची. ते चौपाटीवर बसून खाऊन यायचे.

पायवाट

मला लहानपणी लंगडा म्हणत, मग अपंग म्हणू लागले, डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून सुचवल्यापासून दिव्यांग. २०२२ पासून राज्यात दिव्यांग कल्याण विभाग आहे, त्याचं मला समाधान आहे, दाद मागायला एक दार झालं. पण प्रमाणपत्रासाठी मी ज्या कार्यालयात गेलो तिथे पाटीवर ‘दिव्यांग कक्ष’ होतं आणि कक्ष पहिल्या मजल्यावर. सतरा पायऱ्या. मी बसून बसून चढलो, पाटी वाचत वाचत. माझ्यात दिव्य काही नाही, मला कठडा हवा होता.

निळी पहाट

पायवाट, ‘हरिजन’ शब्दाच्या वेळी हेच झालं होतं. १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत तो शब्द कायद्यात घालायला निघाले तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि त्यांचा पक्ष सभागृहातून बाहेर पडला. शब्द गोड होता, तरी नको होता, कारण तो ज्यांच्यासाठी होता त्यांना विचारलंच नव्हतं. १९७२ मध्ये दलित पँथरच्या तरुणांनी ‘दलित’ शब्द अभिमानानं लावला. दळलेला, भरडलेला. त्यात कुणीतरी दळलं हे ऐकू येतं. माझे आजोबा सही करताना नावापुढे काही लावत नसत. विचारलं की सांगायचे, “मला काय म्हणायचं ते मी ठरवीन.”

माजघर

सगळ्यांचं वाचतेय, दोनदोनदा. तारघर काकांचा मुलगा आणि शारजाकर, दोघंही माझ्या डोक्यात एकमेकांसमोर बसलेत.

गोदाकाठ ताईंची पोस्ट वाचून मी काल आईची लोखंडी पेटी उघडली. तेराव्यानंतर उघडली नव्हती. आत तिच्या हिशेबाच्या वह्या होत्या, वर्षवार, सुतळीनं बांधलेल्या. शेवटची वही काढली. दूध, गिरणी, वायरमनला दिले, नातवाला वाढदिवसाचे. मग मार्गशीर्षातलं एक पान. तपासणीचा रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. आम्ही जिन्यात उभं राहून ठरवलं तो हा दिवस.

तिच्या अक्षरात, नेहमीसारखं, डावीकडे बाब आणि उजवीकडे आकडा:

रिक्षा जाऊन येऊन — १२०
शहाळी दोन — ८०
कॅन्सरची औषधं — २,३४०
पोरांना चहा — ४५

तिथून पुढे प्रत्येक पानावर तो शब्द आहे. आठ महिने. ‘कॅन्सरचं सलाईन’, ‘कॅन्सर, मुंबईचं भाडं’. आमच्यापैकी एकाहीजवळ तिनं तो तोंडानं उच्चारला नाही. परकराच्या नाडीची ती दुपार मी तारखेवरून शोधली. त्या दिवशी फक्त ‘नाडी, दोन वार’ आणि त्यापुढे आकडा आहे.

धाकट्या भावाला अजून सांगितलेलं नाही. रविवारी तो येतोय, वही त्याच्या हातात देईन.